वऱ्हाडात हातोडा का उठला नाही?

जलंब ते खामगाव हे अंतर जेमतेम आठ मैलांचे. एवढ्याशा अंतरासाठी १८७० साली स्वतंत्र लोहमार्ग टाकण्यात आला आणि त्याच्या उद्घाटनास हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने उपस्थित राहिले. साम्राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने वऱ्हाडातील एका बाजारपेठेत यावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. या सन्मानाचे कारण खामगावच्या भोवतीच्या काळ्या जमिनीत होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. युद्ध संपले तरी ती नजर हटली नाही.

त्या आठ मैलांच्या रुळांवरून कापसाच्या गाठी बाहेर जाऊ लागल्या आणि परतीच्या डब्यांतून विलायती कापड आत येऊ लागले. यात योगायोगाचा भाग थोडाच होता. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक यांनी आपल्या अहवालात ही अपेक्षा उघडपणे नोंदविली होती. रेल्वे आली की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त पडेल, देशी सुतात खर्ची पडणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि कातण्याविणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीसाठी उपलब्ध होतील, असा तो हिशेब होता. एका संबंध धंद्याच्या मृत्यूचा जमाखर्च इतक्या शांतपणे मांडलेला क्वचितच पाहावयास मिळतो.

हा हिशेब बऱ्याच अंशी खरा ठरला. परंतु येथे एक प्रश्न उपस्थित होतो. कापडाच्या धंद्यात यंत्र शिरले तेव्हा इंग्लंडातील कारागिरांनी हातोडे उचलले. फ्रान्स व जर्मनीतील विणकर रस्त्यावर आले. वऱ्हाडात मात्र यंत्रमोडीची चळवळ उभी राहिली नाही. येथला माणूस सोशिक, दैववादी, म्हणून तो गप्प राहिला, असे उत्तर देण्याचा मोह अनेकांना होतो. ते उत्तर सोयीचे आहे, पण खरे नाही. आणि या प्रश्नाचा खरा उलगडा करणे आज अगत्याचे आहे, कारण दीडशे वर्षांनंतर त्याच काळ्या जमिनीत, त्याच कापसाच्या ओळींत, यंत्र पुन्हा एकदा पाऊल टाकू पाहत आहे.

नॉटिंगहॅमचे कारागीर

इंग्लंडातील यंत्रभंजकांची आठवण हल्ली बहुधा चेष्टेनेच काढली जाते. नव्या गोष्टीला नाक मुरडणाऱ्या माणसाला ‘लडाइट’ म्हणून हिणविण्याची रीत पडली आहे. पण ज्यांच्यावरून हा शब्द आला त्यांची करणी तपासून पाहिली, तर निराळेच चित्र दिसते.

१८११ च्या मार्चमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या आर्नोल्ड या गावी मोजे विणण्याचे माग फोडण्यात आले आणि तेथून ही चळवळ पसरली. हे माग काही नवे नव्हते. विल्यम ली याने ते १५८९ च्या सुमारास शोधून काढले होते. म्हणजे फोडणाऱ्यांच्या आजा-पणजांनीही त्यावरच पोट भरले होते. मग राग कशाचा? काही मालक रुंद मागावर सलग कापड विणून, ते कापून व शिवून हलक्या प्रतीचे मोजे बाजारात आणीत होते, उमेदवारी न केलेल्या माणसांना कमी मजुरीवर ठेवीत होते आणि ठरलेले दर पाडीत होते. राग होता तो याचा. म्हणूनच जे मालक रास्त दर देत त्यांचे माग पुष्कळदा सुरक्षित राहत आणि शेजारच्याचे फुटत. आंधळ्या संतापाला अशी निवड करता येत नाही.

यॉर्कशायरमध्ये लोकरी कापडावरील लव कातरणाऱ्या कसबी कारागिरांपुढे खरोखरीच नवे यंत्र उभे ठाकले. तेथील हातोड्याला ‘इनॉक’ असे नाव होते. ज्या इनॉक टेलरच्या कारखान्यात ते हातोडे घडत, त्याच कारखान्यात कातरणारी यंत्रेही तयार होत. एप्रिल १८१२ मध्ये रॉफोल्ड्स येथील गिरणीवर झालेला हल्ला फसला व दोघे प्राणास मुकले. त्याच महिन्यात विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकाचा खून झाला. या खुनाचे समर्थन कोणी करू नये. पण सरकारने जो मार्ग पत्करला तोही विसरता येत नाही. माग फोडणाऱ्याला देहान्त शासन देणारा कायदा १८१२ मध्ये झाला. कवी बायरन याने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत उमरावांच्या सभागृहात आपले पहिलेच भाषण या विधेयकाच्या विरोधात केले. त्याचा उपयोग झाला नाही. जानेवारी १८१३ मध्ये यॉर्क येथे सतरा जण फासावर गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी इंग्लंडात कामगारांनी संघटना करणे हाच गुन्हा होता. १७९९ व १८०० च्या कायद्यांनी घातलेली ही बंदी १८२४ पर्यंत उठली नाही. मतदानाचा हक्क नाही, संघटनेचा हक्क नाही, दाद मागावी तर न्यायाधीश मालकांच्याच वर्गातला. एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने १९५२ साली या चळवळीचा नव्याने विचार करताना असे दाखविले की यंत्र फोडणे ही त्या माणसांची वाटाघाट करण्याची पद्धत होती, कारण दुसरी पद्धत त्यांना उपलब्धच नव्हती. १८३१ मध्ये लियाँ येथील रेशीमकारागीर उठले ते किमान दराचा करार धाब्यावर बसविल्यामुळे. १८४४ मध्ये सायलेशियातील विणकर उठले ते व्यापाऱ्यांनी मजुरी कापल्यामुळे. या सर्व ठिकाणी प्रश्न एकच होता. यंत्राचा किंवा बाजाराचा लाभ कोणाला मिळणार, त्याचा भार कोणी सोसावयाचा आणि हे ठरविणार कोण?

पाच हजार मैलांवरचा माग

हाच प्रश्न वऱ्हाडातील कातणाऱ्या-विणणाऱ्यांपुढेही होता. फरक इतकाच की तो विचारावयाचा कोणाला, हे त्यांना समजण्याचा मार्ग नव्हता.

मेहकरचे उदाहरण घ्यावे. तेथील कोष्ट्यांनी विणलेली धोतरे रंग आणि टिकाऊपणा यांसाठी नावाजलेली होती. एके काळी तेथील मोमीन विणकर इतके सधन होते की गावाची तटबंदी त्यांनी उभारली, असा उल्लेख जुन्या गॅझेटियरात सापडतो. पेंढाऱ्यांचे हल्ले आणि १८०३ चा दुष्काळ यांनी हे वैभव आधीच खिळखिळे केले होते. उरल्यासुरल्या धंद्यावर विलायती कापडाने घाव घातला. पण घाव घालणारा माग मेहकरात नव्हता, खामगावात नव्हता, मुंबईतही नव्हता. तो पाच हजार मैलांवर लँकेशायरमध्ये होता. नॉटिंगहॅमचा कारागीर रात्री घरातून निघून ज्या मागापर्यंत चालत जाऊ शकत होता, तसा माग मेहकरच्या कोष्ट्याच्या वाटेवर कोठेच नव्हता. त्याला दिसत होते ते आठवडी बाजारातील दुकानावर रचलेले स्वस्त कापडाचे ठाण आणि ते आनंदाने विकत घेणारे आपलेच गाववाले. हातोडा मारावयाचा कोणावर?

दुसरे कारण याहून खोल आहे. यंत्राने सर्वांत आधी आणि सर्वांत पुरते जे काम हिरावले ते विणण्याचे नव्हते, कातण्याचे होते. आणि कातणे हे घरातील स्त्रीचे काम होते. विणकराला गिरणीचे सूत स्वस्त मिळू लागले, त्यामुळे त्याचा हातमाग उलट काही काळ तगला. म्हणजे ज्या गिरणीने पत्नीचा चरखा बंद पाडला, तिच्याच धाग्यावर पतीचा माग चालू राहिला. एकाच छपराखाली यंत्राने एकाचे नुकसान आणि दुसऱ्याची सोय केली. ज्या अन्यायाने घरातच अशी दुफळी पडते, त्याविरुद्ध गाव उठावे कसे? चरखा थांबला त्या दिवशी गावात कसलाही गाजावाजा झाला नाही. सरकी काढण्याच्या घरगुती चरकीचेही तेच झाले. जिनिंग कारखान्यांत स्त्रियांना हंगामी मजुरी मिळाली हे खरे. पण घरी, आपल्या सवडीने, आपल्या हत्यारावर केलेले काम आणि भोंग्याच्या तालावर धुळीत उभे राहून केलेली मजुरी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तिसरे कारण जातीचे. वऱ्हाडात कोष्टी विणत, साळी विणत, मोमीन विणत आणि जाडेभरडे कापड विणणारे महारही मोठ्या संख्येने होते. संकट सर्वांवर एकच होते. पण एका पंक्तीला न बसणारी माणसे एका मागणीसाठी एकत्र येणार कशी? यॉर्कशायरच्या कारागिरांनी एका खानावळीत बसून शपथा घेतल्या. मेहकर किंवा देऊळगाव राजा येथील विणकरांना एकत्र बसविणारी तशी जागाच आपल्या समाजाने ठेवली नव्हती.

या मौनाची किंमत पुढे चुकवावी लागली. ज्या कुटुंबाला शेत आणि माग असे दोन आधार होते, त्याला शेतमजुरीचा एकच आधार उरला. आणि तोही पावसाच्या लहरीवर. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळून निघाले. १८९१ च्या शिरगणतीत सुमारे २८ लाख ९७ हजार असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे २७ लाख ५४ हजारांवर आली. या घटीला रोगराई आणि इतरही कारणे होती. तथापि कापसाची निर्यात करणारा इतका संपन्न प्रदेश दोन दुष्काळांपुढे इतका दुबळा ठरावा, यात जोडधंदे बुडाल्याचा वाटा नाही असे कोण म्हणेल?

करार करणारे आणि कराराबाहेरचे

माणसे एका छपराखाली आली की चित्र कसे पालटते, हेही याच भूमीने पाहिले आहे. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि त्याच वर्षी तेथे मजुरीच्या दरावरून संप झाला. देशातील अगदी आरंभीच्या संपांत त्याची गणना होते. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत असा आग्रह मालकांनी धरला, तेव्हा सुमारे दीड लाख कामगार एप्रिलअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर राहिले. त्यांनी यंत्रे फोडली नाहीत. तिसरा माग चालविल्याने वाढणाऱ्या उत्पन्नात आमचा हिस्सा किती आणि ज्यांचे काम जाणार त्यांचे काय, असे ते विचारीत होते. अखेर फॉसेट समितीपुढे या प्रश्नांची चर्चा करणे मालकांना भाग पडले. हातोड्याच्या जागी वाटाघाटीचे टेबल आले, हीच त्या सहा महिन्यांची कमाई होय.

मात्र त्या टेबलाभोवतीही सर्वांना जागा नव्हती. गिरण्यांतील विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते आणि त्यामुळे विटाळ होतो, हे त्याचे कारण सांगितले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या संपाच्या काळातच हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला. ज्या समाजाने वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या कापड विणले, त्याच समाजाच्या माणसाला गिरणीतील मागापाशी उभे राहण्याची बंदी असावी, यापरता विपर्यास कोणता? एकजुटीच्या घोषणेतून कोण वगळले गेले आहे, हे पाहण्याची सवय त्या प्रसंगाने लावली पाहिजे होती.

पांढरपेशा वर्गाला हा अनुभव परका नाही. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याचे ठरले तेव्हा कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला. बँकांत सप्टेंबर १९८३ मध्ये व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला. यंत्रे कोठे व किती बसवावयाची याच्या अटी ठरल्या. संगणक पुढे आलेच, पण ते कराराच्या दारातून आले. कारकुनाने त्या काळी यंत्राला विरोध केला म्हणून आज त्याला कोणी अडाणी म्हणत नाही. त्याने आपल्या हिताचे रक्षण केले असेच म्हटले जाते. मग तोच निकष शेतातील मजूर स्त्रीला का लावू नये? अर्थात त्या करारांनाही मर्यादा होत्या. नोकरीत असलेल्यांचे रक्षण झाले. नोकरीच्या दारात उभ्या असलेल्या तरुणाच्या वतीने टेबलाशी कोणीच बसलेले नव्हते. आज स्पर्धा परीक्षांच्या रांगेत वर्षे घालविणाऱ्या विद्यार्थ्यांना ही उणीव समजावून सांगण्याची गरज नाही.

वेचणी यंत्राकडे जाण्याआधी

कापसाच्या शेतात बायांच्या हाताला काम देणारी दोन कामे आहेत, निंदण आणि वेचणी. यांपैकी निंदणावर तणनाशकाने केव्हाच हात मारला आहे. तणनाशकाला दाद न देणारे कपाशीचे वाण सरकारची मान्यता नसतानाही विदर्भात पसरले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने अशा बियाण्याची जाहीर लागवड करून कायदेभंगच केला. बियाणे सुरक्षित की घातक, शेतकऱ्याला तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य असावे की नसावे, यांवर तेव्हा वृत्तपत्रांतून रकानेच्या रकाने भरले गेले. निंदणाची मजुरी गमावणारी बाई त्या चर्चेत क्वचितच दिसली. चरखा थांबला तेव्हाची शांतता ती हीच.

आता पाळी वेचणीची आहे. यंत्राने वेचणी करावयाची तर बुटकी, एकसारखी आणि एकाच वेळी बोंडे फुटणारी कपाशी हवी, ती दाट पेरली पाहिजे आणि वेचणीपूर्वी औषध फवारून पाने गाळली पाहिजेत. तीन-चार वेचण्या देणारी आपली पसरट कपाशी या कामाची नव्हे. म्हणूनच सघन लागवडीचे प्रयोग आणि वेचणी यंत्राचे प्रयोग हातात हात घालून चालले आहेत. यंत्र एकटे येत नसते. बियाणे, पेरणीची रीत, औषध, कर्ज आणि भाडेपट्टी असा सगळा लवाजमा त्याच्यासोबत येतो. एकदा तो आला की ‘आता फार उशीर झाला’ असे सांगण्यास तज्ज्ञ सिद्धच असतात.

शेतकऱ्याची बाजू येथे खोटी नाही. ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत, वेचणीचा खर्च कापसाच्या भावाच्या मानाने जड जातो आणि वेळेवर न वेचलेला कापूस पावसात भिजून मातीमोल होतो, हे कोरडवाहू शेतकरी पदरमोड करून शिकला आहे. दिवसभर कमरेत वाकून, बोंडाच्या टोकांनी बोटे ओरबाडून घेऊन, किलोमागे मोजून मिळणाऱ्या मजुरीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. ते काम हलके झाले तर चांगलेच. गांधीजींना यंत्राचे शत्रू म्हणून रंगविले जाते. पण आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, असे त्यांनी १९२४ मध्ये स्पष्ट केले होते आणि शिवणयंत्राला तर त्यांनी अपवाद म्हणून गौरविले होते. ज्या यंत्राने माणसाचे कष्ट कमी होतात आणि पोट जात नाही, ते यंत्र त्यांना मान्य होते. कसोटी साधी आहे. लागू करणे तेवढे अवघड आहे.

परंतु अवघड म्हणजे अशक्य नव्हे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी कायदा केला. ज्यांना कायम मालक नाही, हजेरीपट नाही, अशा हमालांसाठी मंडळे स्थापन झाली आणि काम करवून घेणाऱ्यांकडून मजुरीबरोबर ठराविक रक्कम वसूल करून त्यांच्या भविष्य निर्वाहाची, रजेची, औषधपाण्याची सोय करण्यात आली. असंघटितांचा प्रश्न सुटू शकत नाही, हे म्हणणे या एका कायद्याने खोटे पाडले आहे. त्याच धर्तीवर वेचणी यंत्राच्या भाड्यावर आणि जिनमध्ये शिरणाऱ्या कापसावर लहानशी पट्टी बसवून तालुक्या-तालुक्यात वेचणाऱ्या स्त्रियांचा निधी का उभारू नये? शेतकऱ्यावर त्याचा बोजा पडू नये यासाठी ही पट्टी यंत्राचे मालक, व्यापारी आणि गिरणीदार यांच्याकडून घ्यावी. ही यंत्रे अनुदानाने येणार असतील, तर त्यांची मालकी आधी मजूर स्त्रियांच्या बचत गटांना द्यावी, म्हणजे ज्यांचे काम जाणार त्यांच्याच हाती भाडे येईल. आणि या सर्वांच्या आधी, कोणत्या गावात किती हात वेचणीवर जगतात याची ग्रामपंचायतीने नोंद करावी. ही नोंद करण्यास लेखणी धरणारी माणसे गावोगावी आहेत. शाळेतील शिक्षक आहेत, कार्यालयातील कारकून आहेत, सुटीत घरी येणारे विद्यार्थी आहेत. त्यांपैकी अनेकांचे शिक्षण आईने वेचलेल्या कापसाच्या मजुरीवर झाले आहे.

यंत्र येणार की नाही, हा वाद निष्फळ आहे. ते येतच असते. नॉटिंगहॅमचा कारागीर त्याला थांबवू शकला नाही आणि मेहकरचा कोष्टीही नाही. एकाने हातोडा उचलला, दुसरा मुकाट राहिला. दोघेही हरले, कारण दोघांनाही विचारणारे कोणी नव्हते. आज देशात मताचा अधिकार आहे, संघटनेचा अधिकार आहे, ग्रामसभा आहे. असे असूनही सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचीच शांतता पुन्हा पसरणार असेल, तर तिचा दोष या वेळी मँचेस्टरवर ढकलता येणार नाही.